नेत्रदाब आटोक्यात असूनही दृष्टिचेता का झिजते? दाहकारक प्रथिनांचा यात वाटा किती?

अनुस्वार

माझ्या आईला काचबिंदू आहे. थेंब नियमित चालू आहेत आणि तपासणीच्या वेळी नेत्रदाब १३ ते १५ मिमी पारा एवढाच भरतो. तरीही दृष्टिक्षेत्राच्या ताज्या आलेखात उजव्या डोळ्याच्या वरच्या भागातला काळा पट्टा आधीपेक्षा रुंद झालेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "दाब उत्तम आहे, पण नस झिजते आहे." नस म्हणजे डोळ्याला मेंदूशी जोडणारी दृष्टिचेता. या आजारात दाबाखेरीज दाहकारक प्रथिने आणि ऊतींची पुनर्रचना करणारी विकरे यांचाही हात असतो, असेही त्यांनी जाता जाता सांगितले. बाहेर रुग्णांची रांग असल्याने विषय तिथेच थांबला.

घरी येऊन वाचायला बसलो, तर टीएनएफ-अल्फा, टीजीएफ-बीटा, एमएमपी अशा संक्षेपांच्या रानात शिरलो आणि बाहेर पडायची वाट सापडेना. दाह म्हटला की लाली, सूज आणि वेदना डोळ्यांपुढे येतात. आईचा डोळा तर अगदी स्वच्छ आहे आणि तिला कधी दुखलेलेही नाही. मग हा दाह असतो कुठे? ही प्रथिने हानीचे कारण आहेत की हानी झाल्यावर उरणारी खूण? आणि ती कारण असतील, तर त्यांना अडवणारे औषध का दिले जात नाही? जाणकारांनी सवडीने लिहावे.

मुक्कामपोस्ट

प्रथिनांकडे वळण्याआधी त्या १३ ते १५, म्हणजे सरासरी १४, या आकड्याविषयी दोन शब्द. दवाखान्यात मोजलेला दाब हा त्या क्षणाचा असतो. दिवसभरात तो वरखाली होतो आणि आडवे झाल्यावर बहुतेकांचा वाढतो. शिवाय पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल, तर नेहमीच्या यंत्रावर तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आईच्या पारपटलाची जाडी मोजली आहे का, ते कागदपत्रांत पाहा.

सूक्ष्मपेशी

मुक्कामपोस्ट यांचा मुद्दा रास्त आहे, पण तो हिशेबात धरला तरी प्रश्न संपत नाही. जपानमधील ताजिमी येथे चाळिशीपुढील लोकांची मोठी पाहणी झाली होती. त्यात प्राथमिक खुल्या कोनाच्या काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमी, म्हणजे पुस्तकी अर्थाने 'सामान्य' होता. एवढ्या सगळ्यांचे पारपटल पातळ निघणार नाही.

मी ऊतींच्या प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही, हे आधीच सांगतो. आता दाह कुठे असतो ते पाहू. दृष्टिपटलातील गँग्लियन पेशी, म्हणजे दृश्याचा संदेश मेंदूकडे धाडणाऱ्या चेतापेशी, यांचे सुमारे १० ते १२ लाख अक्षतंतू (लांब धागे) एकत्र येतात आणि जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून डोळ्याबाहेर पडतात. हे छिद्र मोकळे नसते. त्यात कोलॅजेन आणि इलॅस्टिनच्या पट्ट्यांची एकावर एक रचलेली जाळी असते, तिलाच लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. आतून नेत्रदाब आणि मागून मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब अशा दोन दाबांमध्ये ती ताणलेली असते. तंतूंमधून दोन्ही दिशांनी चालणारी मालवाहतूक काचबिंदूत पहिल्यांदा अडते ती याच जागी, हे माकडांवरील प्रयोगांतून १९७० च्या दशकातच दिसले होते.

या जाळीच्या पट्ट्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी बिलगून असतात आणि ताण त्यांना थेट जाणवतो. ताण सतत राहिला की त्या आपले नित्याचे काम सोडून 'सक्रिय' होतात. शेजारच्या मायक्रोग्लिया, म्हणजे चेतासंस्थेतील पहारेकरी पेशी, त्यांच्या जोडीला येतात. मग त्या जागी टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन, टीजीएफ-बीटा २ आणि एमएमपी, म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, यांचे प्रमाण वाढते. काचबिंदू असलेल्या व्यक्तींच्या मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांत दृष्टिचेतेच्या मुखाशी ही प्रथिने निरोगी डोळ्यांपेक्षा जास्त आढळली आहेत. हा सारा प्रकार डोळ्याच्या मागच्या टोकाला, पेशींच्या पातळीवर चालतो. त्यात ना पू असतो ना लाली, आणि तो आरशात दिसत नाही. अनुस्वार, तुमच्या आईंचा डोळा स्वच्छ दिसण्याचे कारण हेच आहे.

आता पुनर्रचना. घर राहते ठेवूनच डागडुजी चालावी, तसे पेशींबाहेरच्या आधारद्रव्याचे असते. एमएमपी जुने कोलॅजेन तोडतात, टिम्प नावाची प्रथिने त्यांना आवर घालतात आणि टीजीएफ-बीटा नवे द्रव्य रचायला लावतो. तोल राहिला तर बाहेरून काहीच कळत नाही. काचबिंदूत मात्र हा तोल जातो. एकीकडे जुन्या पट्ट्या तुटतात, दुसरीकडे भलत्याच जागी कडक, अव्यवस्थित द्रव्य साठते आणि इलॅस्टिनचे लवचीक धागे गुठळ्यांसारखे होतात. जाळी मागे झुकते आणि तिच्या छिद्रांचे आकार वेडेवाकडे होतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय दिसतो. दृष्टिचेतेच्या दाहात किंवा तिचा रक्तपुरवठा तुटल्यावर तंतू मरतात, तेव्हा तिचे मुख बहुधा फिकट पडते. काचबिंदूत मात्र तिथे खोल खड्डा पडतो. तंतू दोन्हीकडे मरतात, मग खड्डा इथेच का? कारण इथे तंतूंबरोबर त्यांना धरून ठेवणारा सांगाडाही बदललेला असतो. डॉक्टर 'कप-डिस्क गुणोत्तर', म्हणजे मुखाच्या मानाने खड्डा (कप) केवढा, म्हणून जो ०.७ किंवा ०.८ असा आकडा लिहितात, त्यात तंतूंचा ऱ्हास आणि ही पुनर्रचना दोन्ही मोजली जातात.

उंटावरचा_शहाणा

मेटॅलोप्रोटिनेज म्हणजे धातू आलाच. त्यांना जस्त लागते, असे आत्ताच वाचले. मी जस्ताच्या गोळ्या घेतो. त्या बंद केल्या तर माझी जाळी वाचेल काय? प्रश्न गंभीर आहे. चेहरा नेहमीचाच आहे.

सूक्ष्मपेशी

उंटावरचा_शहाणा, जस्त शेकडो विकरांना लागते. ते बंद करून फक्त एमएमपी उपाशी राहतील आणि बाकीचे जेवतील, अशी सोय शरीरात नाही.

या विकरांचा शोध मात्र मोठा गमतीचा आहे. १९६२ साली बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी नाहीशी होते, याचा अभ्यास चालू होता. शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तेव्हा त्या तुकड्यांभोवतीचा थर विरघळून तिथे पारदर्शक वर्तुळे उमटली. कोलॅजेन तोडणारे पहिले प्राणिज विकर असे हाती लागले. शेपटी गळणे, जखम भरणे, हाडाची वाढ, या सगळ्यांत हीच मंडळी राबतात.

चष्मेबहाद्दर

सूक्ष्मपेशी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु अनुस्वार यांच्या मूळ प्रश्नाला त्याने बगल दिली आहे. दान केलेल्या डोळ्यांत ही प्रथिने वाढलेली दिसली, हे मान्य. पण ते डोळे आजार मुरल्यानंतरचे. आग विझल्यावर त्या जागी अग्निशामक दल सापडले, म्हणून आग त्यांनीच लावली, असे कोणी म्हणत नाही. पेशी मेल्या की मायक्रोग्लिया सफाईला येणारच आणि रिकाम्या जागी अ‍ॅस्ट्रोसाइट व्रण करणारच.

माणसांवरच्या चाचण्यांत जे टिकले ते एकच आहे, दाब कमी करणे. दाब जास्त पण हानी नाही अशा १,६३६ व्यक्तींवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. सामान्य दाबाच्या काचबिंदूवरील १९९८ च्या चाचणीतही दाब ३० टक्क्यांनी उतरवल्यावर बिघाड होणाऱ्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे दाब 'सामान्य' असतानाही तो आणखी उतरवण्याचा फायदा झाला. उलट, चेतापेशींना थेट वाचवू पाहणाऱ्या मेमँटिन या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या ४८ महिने चालल्या आणि त्यांतून काही निघाले नाही. ते निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

दाहाच्या कथा ऐकायला सुरस असतात. रुग्णाच्या नातेवाइकांपुढे त्या मांडताना मात्र हात जरा आखडता असावा.

गवाक्ष

चष्मेबहाद्दर, त्याच आकड्यांची दुसरी बाजूही आपणच दाखवली आहे. दाब ३० टक्के उतरवूनही १२ टक्के लोकांचा आजार पुढे सरकलाच. हा धागा त्या १२ टक्क्यांविषयी आहे.

सूक्ष्मपेशी

अग्निशामक दलाचा युक्तिवाद २००६ पूर्वी बिनतोड होता. त्या वर्षी उंदरांवर एक नेटका प्रयोग झाला. लेसरने डोळ्यातला दाब वाढवला, तेव्हा आधी टीएनएफ-अल्फा वाढला, मग तंतूंना आवरण पुरवणाऱ्या पेशी गेल्या आणि गँग्लियन पेशी त्यानंतर मेल्या. टीएनएफ-अल्फा निकामी करणारे प्रतिपिंड दिले किंवा त्याचे जनुकच काढून टाकले, तेव्हा दाब चढलेला असूनही पेशी वाचल्या. उलट, दाब अजिबात न वाढवता निरोगी डोळ्यात केवळ टीएनएफ-अल्फा टोचला, तर तशीच हानी झाली. दल येण्याआधी घर उभे होते आणि दल आल्यावर पडले, असे दिसले तर संशय घेणे भाग आहे.

दुसरा धागा पूरक प्रथिनांचा, म्हणजे जंतूंवर खूण करून त्यांना नष्ट करवणाऱ्या प्रथिनांचा. मेंदूच्या वाढीच्या काळात नको असलेले चेतासंधी छाटण्यासाठी सी१क्यू हे पूरक प्रथिन वापरले जाते. काचबिंदू होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत हेच सी१क्यू दृष्टिपटलातील चेतासंधींवर आजाराच्या अगदी सुरुवातीला परत येते, हे २००७ साली दिसले. २०११ साली त्याच जातीत सी१क्यूचे जनुक निकामी केले, तेव्हा गँग्लियन पेशींना चांगलेच संरक्षण मिळाले. पुढे २०१७ साली या दोन्ही गोष्टी एका साखळीत बसल्या. सक्रिय मायक्रोग्लिया आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही तीन प्रथिने सोडतात. ती तिन्ही मिळून अ‍ॅस्ट्रोसाइटचे अशा पेशींत रूपांतर करतात की, ज्या चेतापेशींना सांभाळण्याऐवजी मारतात. दृष्टिचेता चिरडलेल्या उंदरांत ही तिन्ही प्रथिने रोखली, तेव्हा गँग्लियन पेशी वाचल्या.

चष्मेबहाद्दर

उंदीर, उंदीर आणि पुन्हा उंदीर. आपण ज्या जाळीवर एवढे सुंदर लिहिलेत, ती कोलॅजेनची जाळी उंदराच्या डोळ्यात नसतेच. त्याच्याकडे केवळ आधारपेशींची चौकट असते. पुनर्रचनेचा सिद्धान्त माणसाच्या सांगाड्यावर उभा करायचा आणि पुरावा सांगाडाच नसलेल्या प्राण्याचा द्यायचा, हे पटत नाही.

सूक्ष्मपेशी

पुनर्रचनेपुरता हा आक्षेप पूर्ण ग्राह्य आहे. म्हणूनच त्या भागासाठी माकडे आणि दान केलेले मानवी डोळे वापरावे लागतात. दाहाच्या भागाला मात्र तो लागू होत नाही. कोलॅजेनची जाळी नसतानाही उंदराला दाबामुळे हानी होते आणि ती दाहकारक प्रथिने रोखून कमी करता येते. यावरून ही प्रथिने केवळ जाळी मोडल्याचा परिणाम नसून आपल्यापरीने घातक आहेत, असेच निघते.

उंटावरचा_शहाणा

दोघांचे चालू द्या. मी दाब मोजून येतो. डोळ्याचा नव्हे, रक्ताचा.

निंबोणी

मी काचबिंदूचे रुग्ण पाहते. वरच्या चर्चेत ही प्रथिने खलनायक ठरत चालली आहेत, म्हणून लिहिणे भाग पडले.

लॅटॅनोप्रोस्टचे थेंब १९९६ पासून वापरात आहेत आणि आज बहुसंख्य रुग्णांचा पहिला उपचार तेच किंवा त्याच वर्गातले असतात. हे थेंब दाब कसा उतरवतात? ते डोळ्यातील भिंगाभोवतीच्या रोमक स्नायूतील पेशींना एमएमपी अधिक तयार करायला लावतात. एमएमपी स्नायूतंतूंमधले कोलॅजेन विरळ करतात आणि नेत्रजलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्याला, बाहेर पडायला आडवाट मिळते. म्हणजे अनुस्वार यांच्या आई बहुधा रोज रात्री एमएमपी वाढवणारे औषधच डोळ्यात घालत असतील.

लेसरचेही तसेच. नेत्रजलाचा निचरा करणाऱ्या ट्रॅबेक्युलर जाळीवर लेसरचे ठिपके मारले की तिथल्या पेशी आयएल-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा सोडतात, त्यांमुळे एमएमपी-३ वाढते, तुंबलेले द्रव्य साफ होते आणि निचरा सुधारतो. ज्या टीएनएफ-अल्फाने मागच्या टोकाला पेशी मरतात, तोच पुढच्या टोकाला आपण मुद्दाम जागा करतो! लेसरने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती, असे २०१९ च्या ब्रिटनमधील चाचणीत दिसले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. दाह शमवणारे सर्वांत जोरकस औषध म्हणजे स्टिरॉइड. त्याचे थेंब काही आठवडे घातले, तर साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब चढतो आणि थोड्यांचा फारच चढतो. कारण स्टिरॉइडमुळे ट्रॅबेक्युलर जाळीत एमएमपी कमी होतात, फायब्रोनेक्टिनसारखे द्रव्य साचते आणि मोरी तुंबते. दाहविरोधी म्हणून हाती येतील ते थेंब डोळ्यात घालणाऱ्यांची दृष्टी यापायी गेलेली मी पाहिली आहे. त्यामुळे "मग दाहाचे औषध का देत नाहीत" या प्रश्नाचे उत्तर अर्धे इथेच आहे.

तळटीप

निंबोणीताई, टीजीएफ-बीटा २ विषयीही लिहा ना. तो नेत्रजलात वाढलेला असतो असे वाचले होते. मग निदान त्याला तरी अडवून पाहिले की नाही?

निंबोणी

अडवून पाहिले, पण वेगळ्या कामासाठी. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत नेत्रजलासाठी नवी वाट करून देतात. ती वाट व्रणाने बुजणे हे शस्त्रक्रिया फसण्याचे मुख्य कारण असते आणि व्रण करवण्यात टीजीएफ-बीटा २ पुढे असतो. म्हणून त्याविरुद्धचे प्रतिपिंड शस्त्रक्रियेच्या वेळी टोचून पाहिले. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात आशा वाटली, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते आणि निव्वळ खोटे औषध यांत फरक पडला नाही. आम्ही अजून मायटोमायसिनच वापरतो. ते पेशींची वाढ सरसकट रोखते.

गवाक्ष

अश्रूंतील एमएमपी-९ मोजणारी पट्टी मिळते, असे ऐकले आहे. दोन थेंब घेऊन काही मिनिटांत उत्तर येते म्हणे. काचबिंदूच्या तपासणीला तिचा उपयोग होईल का?

निंबोणी

नाही. ती पट्टी कोरड्या डोळ्यांसाठी आहे. एक मिलिलिटर अश्रूंत ४० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त एमएमपी-९ असेल तर रेघ उमटते आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह आहे, एवढेच त्यातून कळते. दृष्टिचेतेच्या मुखाशी काय चालले आहे, याची वर्दी अश्रूंपर्यंत पोहोचत नाही. शिवाय वर्षानुवर्षे बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असलेले थेंब घालणाऱ्यांचा पृष्ठभाग त्या द्रव्यानेच चिडलेला असतो. त्यांची पट्टी रेघ दाखवेल, पण ती कर्तबगारी बाटलीची असेल.

मुक्कामपोस्ट

पुनर्रचनेच्या विकरांवर चर्चा चाललीच आहे, तर एलओएक्सएल१ राहू नये. इलॅस्टिनच्या धाग्यांना एकमेकांशी जोडणारे हे विकर आहे. भिंगावर आणि बाहुलीच्या काठावर पांढुरका कोंडा साचणाऱ्या स्यूडोएक्सफोलिएशन या विकाराशी त्याच्या जनुकाचा घट्ट संबंध आइसलँड आणि स्वीडनमधील रुग्णांत २००७ साली सापडला. या विकारातला काचबिंदू नेहमीच्यापेक्षा वेगाने बिघडतो. आधारद्रव्यातला दोष जन्मजात जनुकात सापडतो, तेव्हा तो हानीनंतरची खूण आहे असे म्हणता येत नाही. चष्मेबहाद्दर यांनी याचा विचार करावा.

चष्मेबहाद्दर

विचार केला. मात्र धोका वाढवणारे म्हणून जे जनुकरूप एका समाजात ठळक दिसते, तेच दुसऱ्या समाजात उलट्या बाजूला दिसते, हेही त्याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यांत पुढे आले. तेव्हा संबंध आहे, पण सरळ रेघेचा नाही. मी माझ्या जागी ठाम आहे: जोवर माणसांत एखादे प्रथिन अडवून दृष्टिक्षेत्र टिकलेले दिसत नाही, तोवर त्यावर उपचाराचा निर्णय बेतू नये.

अनुस्वार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एक नेमका प्रश्न. टीएनएफ-अल्फा रोखणारी औषधे सांधेदुखीसाठी सर्रास दिली जातात. एमएमपी रोखणारीही असतीलच. मग काचबिंदूत ती वापरून का पाहत नाहीत?

सूक्ष्मपेशी

एटानरसेप्ट या औषधाने उंदराच्या मोठ्या भावात, म्हणजे प्रयोगशाळेतील 'रॅट' या मोठ्या उंदरात, दाब चढलेला असतानाही गँग्लियन पेशी कमी मेल्या, असे २०१२ साली दिसले. पण हीच औषधे सांध्यांसाठी घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांत चेतांचे आवरण झडून खुद्द दृष्टिचेतेचा दाह झालेला आहे आणि तशी सूचना औषधासोबतच्या पत्रकात असते. याचे कारण बहुधा असे की, टीएनएफ-अल्फाचे दोन ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारे पेशींवरचे रेणू, असतात आणि त्यांतला एक आवरणाच्या दुरुस्तीलाही मदत करतो. ज्या नसेला वाचवायचे तिलाच धोका असेल, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या संथ आजारात ही जोखीम कोण घेणार?

एमएमपीचा अनुभव कर्करोगातून आला. सर्व एमएमपी सरसकट रोखणारे मॅरिमास्टॅट मोठ्या चाचण्यांत वापरले गेले. गाठी फारशा रोखल्या गेल्या नाहीत, उलट रुग्णांचे खांदे आणि हात आखडले, कारण सांध्यांची रोजची डागडुजीच थांबली होती. डोळ्यात त्याहून पंचाईत होईल. मागची जाळी वाचवायला एमएमपी बंद करायच्या, तर निंबोणीताई म्हणतात तशा पुढच्या दोन्ही मोऱ्या तुंबून दाब चढणार. अडवायचे तर विशिष्ट प्रथिन, विशिष्ट जागी आणि विशिष्ट वेळी अडवावे लागेल.

उंटावरचा_शहाणा

थोडक्यात, एकाच माणसाला पुढच्या दाराशी हार घालायचा आणि मागच्या दाराशी पकडायचे. माझ्याकडे अशी एक यादी तयार आहे, पण ती प्रथिनांची नाही.

तळटीप

यादीवर पहिले नाव कोणाचे ते विचारणार नाही. माझी शंका वेगळी आहे. दाब खूप उतरवला तर तो खड्डा भरून येतो का? पुनर्रचना उलटी फिरते का?

निंबोणी

लहान मुलांत फिरते. जन्मजात काचबिंदूत वेळेवर शस्त्रक्रिया झाली की कप स्पष्टपणे लहान होतो, कारण त्यांचे कोलॅजेन अजून लवचीक असते. प्रौढांतही शस्त्रक्रियेनंतर मागे झुकलेली जाळी काही अंशी पुढे सरकल्याचे ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा छेद दाखवणाऱ्या तपासणीच्या, प्रतिमांत दिसते. पण मेलेले तंतू परत येत नाहीत, त्यामुळे आलेखातला काळा पट्टा तसाच राहतो. कडक झालेली जाळी किती सरकेल, हे वयावर आणि आजार किती मुरला आहे यावर अवलंबून असते.

अनुस्वार, तुमच्या आईंविषयी प्रत्यक्ष न तपासता मी काही सांगू शकत नाही, पण पुढच्या भेटीत पुढील गोष्टी जरूर विचारा. पट्टा रुंदावला तो खरोखर, की चाचणीच्या दिवशीच्या थकव्यामुळे? खात्रीसाठी आलेख पुन्हा काढावा लागतो. खरोखर रुंदावला असेल, तर १४ हा त्यांच्यापुरता जास्त दाब आहे, असे धरून लक्ष्य आणखी खाली न्यायचे का? दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दाब मोजता येईल का? रक्तदाबाची गोळी त्या रात्री घेतात का? कारण झोपेत रक्तदाब फार उतरला तर नसेचा रक्तपुरवठाही घटतो. आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरतात का? कित्येकांचे औषध तिथूनच घशात उतरते.

अनुस्वार

रक्तदाबाची गोळी ती झोपताना घेते. हे डॉक्टरांना कधी सांगितलेच गेले नव्हते. पुढच्या भेटीत आधी तेच विचारतो. आणि पारपटलाची जाडी सापडली, ५०५ मायक्रॉन.

मुक्कामपोस्ट

सरासरी साधारण ५४० असते, म्हणजे आईंचे पातळच आहे. तो १४ आकडा प्रत्यक्षात थोडा वर असू शकेल. डॉक्टरांना हेही दाखवा.

निंबोणी

आणि तुमची स्वतःची तपासणीही त्याच दिवशी उरका. आई किंवा वडिलांना, भावंडांना काचबिंदू असला की धोका कित्येक पटींनी वाढतो. बाहुली मोठी करून दृष्टिचेतेचे मुख पाहायला सांगा. नुसता दाब मोजून परत येऊ नका.